मागच्या बाजूचा मजकूर

कपाटाचे वरचे दोन कप्पे पुसून, त्यांवर कोरे कागद अंथरून झाले होते. तिसरा कप्पा रिकामा करताना सुतळीने बांधलेला एक गठ्ठा हाताला लागला आणि जुळणीबाई ओलं फडकं मांडीवर टाकून खाली फरशीवरच बसल्या. गठ्ठ्यावरचं अक्षर त्यांनी लांबूनच ओळखलं. बारीक, उभं, एकेक आकडा चौकटीत बसवावा तसं. मीटरवाल्यांच्या कादंबरीचं हस्तलिखित. अकरा वर्षांपूर्वी परत द्यायचं राहून गेलेलं.

बाईंचं काम लेखकांचं हस्तलिखित संगणकावर उतरवून पुस्तकाची पानं तयार करण्याचं. आधी टाइपरायटर होता, मग संगणक आला. पण खोली तीच, बाहेरची, खिडकीला लागून. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या खोलीत यजमानांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल होतं. दोन वर्षांत बाईंनी ते कोपऱ्यात सरकवलं आणि पुढे दुकानातच पाठवून दिलं. घरात एकाच वेळी दोन टकटक चालणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. यजमान अजून म्हणतात, मला माझ्याच घरातून हिने अक्षरशः अक्षरांनी बाहेर काढलं.

पुस्तकाच्या पाठीवर लेखकाचा फोटो असतो, खाली चार ओळींत मानसन्मान असतात. बाईंना लेखक दिसतो तो वेगळा. रुग्णालयातल्या नर्सबाई कविता लिहितात त्या औषधकंपनीच्या फुकट मिळालेल्या वह्यांवर. रात्रपाळीनंतरचं अक्षर उजवीकडे कलंडलेलं. निवृत्त मुख्याध्यापक प्रत्येक तपासणीत स्वतःचंच वाक्य खोडतात आणि तिसऱ्या खेपेला पहिलंच परत घालतात. विम्याचे हप्ते गोळा करणारे एक गृहस्थ भुताच्या गोष्टी लिहितात आणि जिन्यात दिवा नसला तर वर यायला घाबरतात. लिहिण्यावर चूल पेटली असा एकही लेखक बाईंनी पाहिला नाही. सगळे कुठे ना कुठे नोकरीला, आणि उरलेल्या वेळात लेखक. देवाने ज्याला जे काम नेमून दिलं ते त्याने करावं, असं बाई मानतात, आणि या लोकांना दोन दोन का नेमून दिली, याची चौकशी करत नाहीत.

मीटरवाले पाणीखात्यात. दारोदार जाऊन पाण्याचे मीटर वाचायचे, आकडे वहीत उतरवायचे. त्यांची एकुलती एक कादंबरी अशाच एका माणसाची. शेवटी तो एका दाराशी उभा राहतो, घंटा वाजवतो, आणि पुस्तक संपतं. दार उघडलं की नाही, कळत नाही. या शेवटाचं केवढं कौतुक झालं. मोठा पुरस्कार मिळाला, परीक्षकांनी भाषणात त्या न उघडलेल्या दारावरच अर्धा तास घेतला. आता सहावी आवृत्ती निघायची होती. जुनी फाईल आताच्या संगणकावर उघडेना, म्हणून प्रकाशकांनी छापील पुस्तक पाठवून बाईंकडूनच नव्याने जुळणी करून घेतली होती. सोमवारी पानं छापखान्यात जायची होती, आणि आज शनिवार.

बाईंनी सहज म्हणून शेवटचं पान पाहिलं. दोनशे सतरा. तळाशी घंटा वाजवल्याचं वाक्य. पान ठेवताना पालथं झालं, आणि मागची बाजू भरलेली दिसली. वरपासून खालपर्यंत, त्याच उभ्या अक्षरात. अगदी तळाला ‘समाप्त’.

प्रकाशकांचा नियम होता, कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं परत जायचं. त्यामुळे पान उलटून बघायची बाईंच्या हाताला सवयच नव्हती. दोनशे सोळा पानं त्या माणसाने नियम पाळला आणि शेवटच्या पानाला कागद संपला असावा. पण बाईंना खरा घोर लागला तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्यांना स्वच्छ आठवलं, की पान दोनशे सतराखाली ‘समाप्त’ नव्हतं. त्यांनी तेव्हा क्षणभर विचारही केला होता. आणि मग आपल्या मनाने तो शब्द टाइप करून टाकला होता.

तेव्हा मीटरवाल्यांची आई रुग्णालयात होती. पानं तपासायला वेळ नाही, तुम्हीच बघा, असा त्यांनी निरोप धाडला होता. बाईंनी डोळ्यांत तेल घालून तपासलं, एकाच बाजूने.

आणि त्यानंतर मीटरवाल्यांनी कादंबरी लिहिली नाही. चार-पाच पानांच्या कथा तेवढ्या. मागे एका सभेत कुणीतरी कारण विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते की माझा शेवट प्रकाशकांनी न विचारता कापला, आणि सगळ्यांना तो कापलेलाच आवडला. आपल्याला थांबायचं कुठे ते कळत नाही हे एकदा समजल्यावर लांबचं लिहायला हात धजत नाही. प्रकाशक आलेले नव्हते, बाई तिसऱ्या रांगेत होत्या. घरी येऊन त्यांनी यजमानांपाशी प्रकाशकांना नावंही ठेवली होती.

यजमान दुपारी जेवायला आले, तो जमिनीवर कपाटाचा संसार मांडलेला. बाईंनी सगळं सांगितलं. यजमानांनी हात पुसत विचारलं, “कुणाला माहीत आहे?”

“तुम्हाला आणि मला.”

“मग सुतळी बांध आणि ठेव परत. पुस्तक नावाजलेलं आहे, लेखकाचं नाव झालंय. तुझं निम्मं काम त्या प्रकाशकाकडून येतं. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा?”

“परवा एकदा छापलं की झालं. मग ते तसंच राहील.”

“राहू दे की.”

“समाप्त मी लिहिलंय हो,” बाई म्हणाल्या. “त्यांनी नाही.”

यजमानांनी ताट पुढे ओढलं. बायकोचा हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. बाईंनी गठ्ठा पिशवीत घातला, देवाला हात जोडले आणि बाहेर पडल्या.

पाणीखात्यात शनिवारची निम्मी कचेरी रिकामी होती. मीटरवाले मागच्या खोलीत, बिघडून आलेल्या मीटरांच्या मांडणीपाशी, वहीतले आकडे पडताळत होते. बाईंना पाहून उठले, खुर्ची पुसून दिली. सहाव्या आवृत्तीची पानं तपासायला आणली असतील असं त्यांना वाटलं, आणि तुम्हीच बघा, असं ते नेहमीसारखं म्हणालेसुद्धा. बाईंनी शेवटचं पान काढलं आणि पालथं करून त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी उभ्याउभ्या वाचलं. मग बसून वाचलं.

“म्हणजे प्रकाशकांनी कापलं नव्हतं.”

“त्यांच्यापर्यंत गेलंच नाही. मी पान उलटलं नाही.”

“आणि समाप्त?”

“ते मी घातलं. सगळे घालतात म्हणून.”

मीटरवाल्यांनी पान सुलटं करून घंटेचं वाक्य पाहिलं. रागावले असते तर बाईंना सोपं गेलं असतं. ते हळूच म्हणाले, “अकरा वर्षं मी प्रकाशकांशी धड बोललो नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नाला गेलो नाही, बाई.”

बाईंनी मान खाली घातली.

“आईला पुस्तक वाचून दाखवलं होतं रुग्णालयात. तिने विचारलं, मग दार उघडलं का रे? मी म्हटलं, एवढंच आहे. मला सांगता आलं असतं की. पण मला वाटलं, ज्याअर्थी कापलंय त्याअर्थी ते वाईटच असणार.”

बाहेर कुणीतरी नळ सोडून भांडं विसळत होतं, तो आवाज तेवढा येत होता. मग मीटरवाल्यांनी लेखकाचा तो नेहमीचा प्रश्न विचारला, “चांगलं आहे का हो?”

बाईंनी येताना रस्त्यात दोनदा वाचलं होतं. “सुरुवातीला पाल्हाळ आहे,” त्या म्हणाल्या. “पण ती दार उघडून म्हणते ना, आत या, मीटर आतच आहे, तिथे मी थांबले. तिथून पुढे सगळं नीट आहे.”

मीटरवाल्यांनी खिशातलं पेन काढलं आणि वरच्या सात ओळी तिथल्या तिथे खोडल्या. परीक्षकांचं ते अर्ध्या तासाचं भाषण आता वाया गेलं, असं म्हणाले आणि जरासे हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, हे पान सहाव्या आवृत्तीत जाऊ द्या. “मात्र प्रकाशकांना तुम्ही सांगा. मी कोणत्या तोंडाने जाऊ? मी तर इतकी वर्षं त्यांनाच चोर ठरवून बसलोय.”

“मीच सांगणार होते.”

“काम जाईल तुमचं.”

“गेलं तर गेलं. नर्सबाई आहेत, मुख्याध्यापक आहेत. ते एकटेच चार जणांचं काम पुरवतात.”

घरी येऊन बाईंनी संगणकावरचं झाकण काढलं आणि ते पान उतरवलं. दोनदा ताडून पाहिलं, कागद उलटूनही पाहिला. छापील पान एक वाढलं होतं. त्यामुळे शेवटच्या पानांचे सगळे आकडे सरकले, ते त्यांनी जागच्या जागी बसवले. प्रकाशक आधी विश्वास ठेवणार नाहीत, मग चिडतील, मग छापखान्याला फोन लावतील, असा क्रम बाईंनी मनाशी धरला होता. मीटरवाल्यांनी अबोला का धरला हेही प्रकाशकांना आजच कळणार होतं, आणि ते सांगणं चुकीची कबुली देण्यापेक्षा अवघड जाईल असं बाईंना वाटत होतं.

घड्याळात पावणेचार झाले होते. प्रकाशकांची कचेरी शनिवारी पाचला बंद होते. बाईंनी हस्तलिखिताचं ते पान दोन पुठ्ठ्यांमध्ये घातलं आणि पायात चपला सरकवल्या. आधी कोपऱ्यावरच्या दुकानातून त्या पानाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढायची, आणि तिथून प्रकाशकांकडे जायचं.