विमा नको, रोख द्यावी

तितिक्षा हा गुण आपल्या पूर्वसूरींनी फार वरचा मानला. शीतोष्ण, मानापमान, सुखदुःख निमूटपणे सोसावे आणि त्याचा डांगोरा पिटू नये, एवढाच तिचा अर्थ. मात्र सोसणे आणि न जाणवणे यांतील सीमारेषा इतकी सूक्ष्म आहे, की ती ओलांडली गेल्याचे सोसणाऱ्यालाही पुष्कळदा उमगत नाही.

परदेशातील एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात, चादरींना इस्त्री करणाऱ्या यंत्रापाशी उभे राहून त्यांनी एकोणीस वर्षे काढली. त्यांच्याच खोलीत राहणारा ड्रायव्हर त्यांना काका म्हणे. आपणही तेच म्हणू.

दर वर्षाच्या अखेरीस कचेरीतून एक अर्ज येई. त्यात दोन चौकटी असत: एक आजारपणाच्या विम्याची, दुसरी विम्याऐवजी त्याच्या हप्त्याइतक्या रोख रकमेची. सात वर्षांपूर्वी मायदेशी वडिलांची मूत्रपिंडे निकामी झाली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले, आणि तेव्हापासून काका रोखीच्या चौकटीत खूण करीत आले. पगारातून भाडे आणि जेवण वजा जाता उरेल ते, बाबांना सांभाळणाऱ्या ताईकडे जाई. या रोखीतून डायलिसिसचे आणखी चार महिने निभत. स्वतःच्या प्रकृतीसाठी त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात काही नोटा ठेवल्या होत्या. भाच्याची फी आली की डबा उघडे. 'पुढच्या महिन्यात भरू' असे म्हणून झाकण लागे.

एके संध्याकाळी ड्रायव्हरने त्यांचा हात धरला.

"काका, हे काय झालं?"

"कुठं काय?"

"अहो, तळव्याचं कातडं सोललंय! यंत्राला चिकटला होता की काय? दुखत नाही?"

काकांनी तळवा दिव्याखाली धरला. "नाही रे."

"मग हात तुमचा आहे, की हॉटेलचा?"

दवाखान्यात कळले, की रक्तातील साखर बेसुमार वाढून हातापायांच्या नसा बधिर झाल्या आहेत. रोजचे औषध, दर तीन महिन्यांनी तपासण्या, आणि पायांना जपणे आवश्यक. त्या एका फेरीतच डबा रिकामा झाला.

"परवा अर्ज द्यायचाय ना?" परतताना ड्रायव्हर म्हणाला. "या वर्षी विमा घ्या. कर्णाची कवचकुंडलं तरी एकदाच गेली. तुमची दरवर्षी जातात!"

काकांना ते पटले. रोख येणार नाही, हे ताईला सांगायचे ठरवून त्यांनी फोन लावला.

"बरं झालं, तूच केलास," ताई म्हणाली. "अरे, डॉक्टर म्हणतात, दोनदानं भागत नाही. आता आठवड्यातून तीनदा लागेल. जमेल ना रे?"

मागून बाबांचा क्षीण आवाज आला, "त्याला म्हणावं, प्रकृतीला जप."

"ऐकलंस ना? तुझं कसं आहे?"

काकांनी पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिले. ठरवलेले वाक्य त्यांना आठवत होते. ते उच्चारावे असे मात्र वाटेना. राग आला नाही, दुःखही झाले नाही.

"मला काय धाड भरलीय!" ते म्हणाले. "जमेल."

तिसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीच्या चौकटीत खूण केली. ड्रायव्हरने विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. औषध महिनाभर चालले, मग एक दिवसाआड, मग संपले.

पुढच्या वर्षी उजव्या पायाच्या अंगठ्याखाली बुटातला एक खडा रुतला. तो तिथे किती दिवस होता, हे कोणालाच सांगता आले नाही. ताप चढला तेव्हा ड्रायव्हरने त्यांना रुग्णालयात नेले. जखमेचे विष अंगभर भिनले होते. पाचव्या दिवशी सकाळी ते गेले.

इस्त्रीच्या यंत्रापाशी आता दुसरा माणूस उभा असतो. कचेरीच्या फायलीत रोखीच्या चौकटीत खूण केलेले, एकाच वळणाच्या सहीचे आठ अर्ज आहेत. मायदेशी एक्याऐंशी वर्षांचे बाबा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. काकांच्या शिल्लक पगारातून पाच महिने निभेल.