दुसरी फेज

परवा मुलगा कडबाकुट्टीत मका घालत होता आणि डोळे मोबाईलवरच्या फुटबॉलकडे. ओल्या मक्याचा गोडूस वास नाकात गेला, तसा मी धावत जाऊन मशीनचं बटणच बंद केलं. "आबा, काय झालं?"

वीस वर्षांपूर्वी असाच वास होता. भारताची शेवटची तीन षटकं राहिली होती आणि आमच्या फेजची लाईट गेली. बायको गोठ्यात मका कापत होती. मशीन थांबलं की अडकलेली धाटं ती हाताने ओढून काढते, हे मला ठाऊक होतं. त्या वेळी आठवलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. आठवलं होतं. वाटलं, एव्हाना काढून झालं असेल. मी बोर्डावरची वायर लाईट असलेल्या दुसऱ्या फेजवर टाकली. टीव्हीवर प्रेक्षकांचा गलका उठला आणि त्यावरून तिची किंकाळी.

"लाईट अचानक आली," मी सगळ्यांना सांगितलं. तिची दोन बोटं गेली.

परवा संध्याकाळी तिला सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती, थांबली नाही.

"ठावं हाय मला. शेजारच्यांची नि आपली फेज एकच. तिथली वैनी दवाखान्यात आली तवाच म्हणाली, आमच्याकडं लाईट दुसऱ्या दिशी आली."

"मग इतकी वर्षं बोलली का न्हाईस?"

"तुमी कवा सांगताय, ते बघत व्हते."