चष्म्याच्या घरातली बॅटरी

दवाखान्यात तिला सगळे रेडिओ सिस्टर म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. वजन, बीपी, साखर, ड्रेसिंग, सगळं ती करायची त्या खोलीत दोन खुर्च्या, एक वजनकाटा आणि एक पडदा होता; उरलेली जागा तिच्या आवाजाने भरलेली. पंचवीस वर्षं तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता. पोरं सुई टोचल्याचं विसरायची, म्हातारी माणसं व्याह्यांची गाऱ्हाणी सांगायची आणि भिंतीपलीकडून डॉक्टरबाई ‘सिस्टर, आवाज’ म्हणून टेबलावर पेन वाजवायच्या.

तिची एक खोड मात्र कुणाला कळत नसे. साठीच्या पुढचा पेशंट आला की सोबतच्या माणसाला ती खोलीबाहेर काढायची. मुलगा असो, सून असो, नवरा असो. लोकांना बघितलं की बीपी वाढतं, असं ठोकून द्यायची. हा नियम कुठल्याच कागदावर नव्हता. त्याच्यामागे एक आजोबा होते. बऱ्याच वर्षांपूर्वी ते डोळ्याखाली काळंनिळं घेऊन आले आणि पडलो म्हणाले. बाथरूममध्ये नाचत होतात काय, असं तिने विचारलं. आजोबा हसले, मागे उभा असलेला मुलगा त्याहून जोरात हसला. पुढच्या वेळी आजोबांना उचलून आणावं लागलं आणि ते काही सांगण्याच्या पलीकडे गेलेले होते. त्या विनोदाची तिला अजून लाज वाटते. वाटायलाच हवी म्हणा, पण अशी लाज बाळगणारी माणसं तरी किती असतात?

तर एका गुरुवारी सकाळी एक आजी मुलाबरोबर आल्या. मुलगा पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी मऊ. त्याला डॉक्टरबाईंकडून एक कागद हवा होता: आईला आता काही समजत नाही, एवढं लिहिलेला. हाक मारली तरी ओ देत नाही, नुसती बघत बसते, म्हणून कामावर जाताना खोलीला बाहेरून कडी लावावी लागते, आणि शेजारी मात्र आपल्या नावाने बोंब मारतात, असं त्याचं म्हणणं. कागद दाखवला की त्यांची तोंडं बंद होतील. डॉक्टरबाईंनी आजींना तीन प्रश्न विचारले. आजी नुसत्या बघत राहिल्या. बाईंनी लेटरहेड पुढे ओढलं आणि आधी बीपी बघून या म्हणून त्यांना शेजारच्या खोलीत पाठवलं.

सिस्टरने नेहमीप्रमाणे मुलाला बाहेर बसवलं, दार लावलं आणि बोलायला लागली. आजींचा चेहरा हलला नाही. पट्टा बांधायला तिने बाही वर सरकवली. मनगटाच्या वर चार बोटांचे निळसर वळ होते आणि पलीकडच्या बाजूला अंगठ्याचा. तिने बाही हळूच खाली केली. मग आजींच्या कानातल्या मशीनकडे तिचं लक्ष गेलं. विचारल्यासारखं बोट दाखवून तिने ते काढून घेतलं आणि नखाने झाकण उघडलं. आत बॅटरीच नव्हती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईचे कान काढून घेऊन वर वेडेपणाचा कागद मागतोय! ती ताडकन उठली आणि दाराकडे वळली, तेवढ्यात आजींनी तिचा हात धरला. त्यांनी दार नीट लागलंय ना ते पाहिलं, पिशवीतून चष्म्याचं घर काढलं आणि काच पुसायच्या फडक्याखालून शर्टाच्या बटणाएवढी बॅटरी काढली. सवयीच्या बोटांनी ती बसवून मशीन कानात घातलं.

“हं, आता बोल,” आजी म्हणाल्या.

पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच रेडिओला शब्द सापडेना. बॅटरी मुलाने काढली होती का, एवढंच तिने कसंबसं विचारलं.

“मीच काढते. तो जवळ असला की काढून ठेवते. हात काय, कधीमधी उगारतो. पण बोलतो ते रोज. पोटच्या पोराच्या तोंडून नाही गं ऐकवत.”

मुलाचे शब्द आत येऊ नयेत म्हणून या बाईने स्वतःचे कान बंद केले होते, आणि त्याच बंद कानांवर तिला कायमचं कोंडणारा कागद उभा राहणार होता. सिस्टरला पुष्कळ बोलायचं होतं. ती बोलली नाही. खुर्ची जवळ ओढून तिने विचारलं, घरी भीती वाटते का. आजींनी होकारार्थी मान हलवली. मग विचारलं, तुम्हाला काय हवंय.

आजींना धाकट्या बहिणीकडे जायचं होतं, दोन गल्ल्या सोडून. ती केव्हाची बोलावत होती, मुलगा सोडत नव्हता.

“पण त्याला पोलिसात द्यायचं नाही.”

“तसं वचन नाही देत मी, आजी. तुमच्या जिवावर बेतलं तर गप्प नाही बसणार. पण तुम्हाला अंधारात ठेवून काही करणार नाही. डॉक्टरबाईंना सांगू?”

चष्म्याचं घर मिटून पिशवीत गेलं. मग आजी हो म्हणाल्या.

डॉक्टरबाई आतल्या दाराने आल्या आणि तेच तीन प्रश्न पुन्हा विचारले. आजींनी वार, तारीख, पत्ता धडाधड सांगितला आणि तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडर अजून मागच्या महिन्यात आहे, हेही सुनावलं. बाईंनी वळ मोजून केसपेपरवर लिहिले, आजींचे शब्द जसेच्या तसे उतरवले आणि लेटरहेड परत खणात टाकलं. मुलाला त्यांनी स्वतः सांगितलं. आधी त्याचा आवाज चढला. मग तो मटकन बसला आणि सगळं मी एकटाच करतो, थकलोय, म्हणाला. थकला असालही, त्यासाठी सोमवारी तुम्ही या, पण थकलेल्या माणसालाही हात उगारायची मुभा नसते, असं बाई म्हणाल्या. मग त्यांनी समाजसेविकेला फोन लावला. सिस्टरने बहिणीला लावला. वीस मिनिटांत बहीण हजर, दोन पायांत दोन वेगळ्या चपला.

पंधरा दिवसांनी सिस्टर बहिणीच्या घरी आजींचं बीपी बघायला गेली. बहिणीने दारातच सुरुवात केली: गुडघा, दूधवाला, शेजारणीची मांजर. रेडिओला मध्ये तोंड घालायला फट सापडेना. आजी खिडकीशी बसल्या होत्या, हातावरचे वळ पुसट पिवळे झाले होते. मुलगा एकदा येऊन गेला होता, बहिणीच्या देखत, हळू आवाजात बोलून. तेवढा वेळ आपण बॅटरी मुठीत धरून बसलो होतो, असं आजींनीच सांगितलं.

आज टेबलावर चष्म्याचं घर उघडं होतं आणि त्यात फडक्याशिवाय काही नव्हतं. बहीण आता मांजरीच्या पिल्लांवर आली होती. सिस्टरने डोळे मिचकावले, आजींच्या कानाकडे बोट केलं आणि थोडा वेळ बॅटरी काढून ठेवायची का, असं खुणेनेच विचारलं.

आजींनी कानावर तळवा ठेवला, मशीन कुणी काढून नेईल की काय असा.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “ऐकू दे मला.”