तराफेवाल्याची गाडी

निकानोर तिकोनाचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्या पाण्यावरून नेण्यात गेलं. तिकिना गावापाशी सरोवर इतकं चिंचोळं आहे की पलीकडच्या काठावरचं कुत्रं भुंकलेलं अलीकडे ऐकू येतं, पण पूल म्हणून नाही. माणसं छोट्या होडीतून जातात आणि गाड्या रुंद, सपाट तराफ्यावरून. म्हणजे मालक होडीत आणि गाडी निकानोरच्या स्वाधीन. सकाळच्या गारठ्यात तो बॉनेटवर दोन्ही तळवे टेकवून उभा राहायचा. आतली ऊब हातांतून खांद्यापर्यंत चढायची. खाली पाणी हलायचं, वर गाडी झुलायची आणि त्याला वाटायचं, ही झोपलीय, हिला उठवू नये.

मग काठ यायचा, मालक यायचा, गाडी चढ चढून वळणाआड जायची. त्या वळणापलीकडे निकानोर बसने कितीदा तरी गेला होता. पण बसमधून जाणं म्हणजे कुणीतरी आपल्याला नेणं. आपलं आपण जाणं वेगळं. ही गोष्ट त्याने आयुष्यात कुणाला सांगितली नाही, आणि सांगितली असती तर घाटावर वर्षभर पुरेल इतकी थट्टा झाली असती. कारण गाडी त्याला चालवता येत होती ती फक्त तराफ्याच्या लांबीइतकी.

लेकीच्या बाप्तिस्म्याला तिचा धर्मपिता झालेला आणि तेव्हापासून सोयरा म्हणवणारा झेनोन पलीकडच्या कोपाकाबाना गावाच्या रस्त्यावर प्रवासी नेत असे. त्याने नवीन गाडी घ्यायचं ठरवलं आणि जुनी, सात माणसं बसणारी डिझेल गाडी विकायला काढली, तेव्हा निकानोरने तराफ्यातला आपला हिस्सा विकून टाकला. परतीचा दोरच कापला म्हणा ना. घाटावर तळलेले मासे विकणारी त्याची बायको बासिलिया एवढंच म्हणाली, "विका. तुमच्या गुडघ्यांनी पुष्कळ गारठा खाल्ला."

झेनोनने त्याला चढ-उतार, वळणं, सगळं शिकवलं आणि शेवटी बॉनेट उघडून ऑइलची पट्टी हातात दिली.

"सोयरे, रोज सकाळी इंजिन थंड असताना ही काढायची, पुसायची, परत घालायची, मग बघायची."

"हे तर डांबरासारखं काळं झालंय."

"डिझेलचं ऑइल काळंच होतं. नवीन घाला, चार दिवसांत काळं. विकताना मुद्दाम बदललं नाही मी. चकचकीत ऑइल दाखवून गाडी गळ्यात मारणारे पुष्कळ आहेत."

"मग घाबरायचं कधी?"

"दुधाच्या कॉफीसारखं दिसलं की. म्हणजे आत पाणी शिरलं. मग इंजिन गेलं म्हणून समजा."

रविवारी गाडीला कोपाकाबानाच्या देवळात न्यायची होती. आशीर्वाद न घेता इथे कुणी नवी-जुनी गाडी रस्त्यावर काढत नाही. जाताना तराफ्यावर जुन्या सोबत्यांनी निकानोरला खाली उतरूच दिलं नाही. "मालक, तुम्ही आत बसा! आता तराफा ढकलायच्या बांबूला हात लावाल तर भाडं दुप्पट!" तो चालकाच्या जागी बसून राहिला. काचेतून पुढे नुसतं पाणी दिसत होतं. चाक हातात होतं, गाडी पुढे जात होती, पण चाक फिरवायचं काही कारण नव्हतं. डोंगर, ढग, काठ सगळं आपोआप बाजूने सरकत होतं. असंच कायम चालू राहिलं तरी चालेल, असं त्याला वाटलं.

देवळासमोर फुलांच्या माळा घातल्या, टपावर पाकळ्या उधळल्या. पाद्रीबाबांनी उघड्या बॉनेटमध्येही पाणी शिंपडलं. मग आधी धरणीमायेला बिअरचा थेंब, मग चाकांना, मग टपाला, मग माणसांना. पुरुष मंडळी फटाके लावायला बाजूला गेली. बासिलिया तेवढी गाडीपाशी थांबली. संध्याकाळी सगळे गात गात घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकानोरने पट्टी काढली, पुसली, परत घालून बघितली. दुधाची कॉफी.

त्याने पुन्हा पुसली, पुन्हा बघितली. मग तो काठावरच्या दगडावर मटकन बसला. तराफ्यातला हिस्सा गेला होता, गाडीही गेली होती. झेनोनने गोड बोलून कुजकं इंजिन गळ्यात बांधलं, याबद्दल त्याला शंकाच उरली नाही.

थोड्या वेळाने झेनोन प्रवासी घेऊन तराफ्यासाठी घाटावर आला. निकानोर त्याच्या दारापाशी जाऊन सगळ्यांदेखत ओरडला, "माझ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून देवासमोर उभे राहिला होतात तुम्ही! आणि आज मलाच बुडवलंत? ऑइलची दुधाची कॉफी झालीय!"

झेनोनचा चेहरा उतरला. तो गाडीतून खाली आला. मागे प्रवाशांनी कटकट सुरू केली, तिकडे त्याने लक्ष दिलं नाही. निकानोरच्या गाडीपाशी जाऊन त्याने आधी रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी काठोकाठ आणि स्वच्छ. म्हणजे इंजिनात शिरलेलं पाणी इथलं नव्हतं. मग ऑइल भरायच्या तोंडावरचं झाकण उघडलं, नाकाशी नेलं आणि बराच वेळ हुंगत राहिला.

"सोयरे," तो म्हणाला, "पाद्रीबाबा बिअर शिंपडत होते का?"

माशांची टोपली घेऊन निघालेली बासिलिया थांबली.

"मी पाजली," ती म्हणाली.

"कोणाला?"

"गाडीला. या सगळ्यांनी चाकांवर ओतली, टपावर ओतली. बाहेरच्या बाहेर. तहान काय टपाला लागते, भाऊजी? झाकण दिसलं, उघडलं, पेलाभर दिली." तिने टोपली खाली ठेवली. "म्हटलं, बाई गं, या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या पलीकडे नेल्या. आता तू याला ने."

निकानोरला बायकोकडेही बघवेना आणि झेनोनकडेही.

"सोयरे, मी तुम्हाला भलतंच..."

"ते राहू द्या. ऑइल आणा, दोनदा बदलावं लागेल. आणि वहिनी," झेनोनला आता हसू आवरेना, "पुढच्या वेळी मला पाजा. मी कधीपासून रांगेत उभा आहे!"

पहिलं ऑइल काढलं, स्वस्तातलं भरून इंजिन थोडं चालवलं, तेही काढलं, मग चांगलं भरलं. त्यानंतर रोज सकाळी निकानोर पट्टी घेऊन उभा. ऑइल मधासारखं चकचकीत दिसायचं आणि तो पट्टी पुन्हा पुसून बघायचा. वाट बघायची ती काळं होण्याची. रोज थोडी चालवायची, सकाळी बघायची. एके दिवशी त्याने अंगठा तसाच वर धरून घरात धाव घेतली. अंगठा काळाकुट्ट होता.

"बघ!"

बासिलियाने बघितलं, हात पुसले आणि शाल घेतली. "मग चला की."

गाडी चढ चढली. वळणावर ती म्हणाली, "थांबवा जरा." खाली निळ्या पाण्यावर तराफा निघाला होता, त्यावर कुणाचीतरी लाल गाडी. ज्याने निकानोरचा हिस्सा घेतला होता तो माणूस बॉनेटवर दोन्ही तळवे टेकवून उभा होता.

"हॉर्न द्या की त्याला," बासिलिया म्हणाली.

निकानोरचा हात चाकावरून उचलला गेला आणि तसाच राहिला.

"नको," तो हळूच म्हणाला. "झोपलीय ती."