काकी आणि सुकेळी

लेकीच्या बाळंतपणासाठी मी तीन महिने जपानात राहून आले. जावई तिथे जहाजांच्या कारखान्यात नोकरीला होते. शहर म्हणायचं, पण एवढंसं, समुद्राला चिकटून वसलेलं. एका टोकाला जहाजांची गोदी, दुसऱ्या टोकाला मासळी सुकवायची अंगणं आणि मध्ये जाळी विणणाऱ्या बायकांची लांबलचक शेड. पहिल्याच सकाळी लेक घाईघाईने खिडकी लावायला गेली.

"आई, सुक्या मासळीचा वास येतो गं इथे."

"राहू दे उघडी," मी म्हटलं. "मी समुद्रकाठच्या भुईगावची बाई. मला कसला वास?"

शेजारी एक म्हातारी एकटीच राहायची. तिचं सगळं आयुष्य मासळीच्या अंगणात गेलेलं. एकदा मी नातीला घेऊन उन्हात उभी होते. ही दारात बसून टोमॅटोएवढी केशरी फळं सोलत होती आणि देठाला दोरी बांधून वळचणीला टांगत होती. माझ्याकडे बघत तिने एक फळ वर धरलं आणि म्हणाली, "काकी."

मी म्हटलं, "काकी होतेच, आता आजीसुद्धा झाले."

लेक आतून हसत आली. "आई, त्या फळाचं नाव आहे ते!" मग आपल्याकडे काकी कुणाला म्हणतात ते तिने म्हातारीला समजावलं. म्हातारी इतकी हसली की तिला सुरी खाली ठेवावी लागली. त्या दिवसापासून आमच्यासाठी तीच काकी झाली.

मग नात निजली की मी तिच्याकडे जायचे. टांगलेली फळं जरा सुकली की बोटांनी हलकेच चोळायची, म्हणजे आतून मऊ होतात आणि वर साखर धरते. तिने माझी बोटं धरून ते शिकवलं. मला आमच्या वाडीतला मांडव आठवला. सासूबाई पिकलेली राजेळी केळी सोलून त्यावर उन्हात मांडायच्या, परतायच्या, संध्याकाळी झाकायच्या. मधाच्या रंगाची सुकेळी व्हायची. त्या गेल्या आणि मांडवही मोडला. लेक दुभाषी झाली, मी सगळं सांगितलं.

"म्हणते, पुढच्या वेळी येशील तेव्हा घेऊन ये."

"अगं, आता आपल्याकडे कोण करतं? सांग तिला."

लेकीने ते काही सांगितलं नाही. "बघ ना, किती खूश झालीय," एवढंच म्हणाली.

परत आल्यावर पुढच्या हिवाळ्यात मी वाडीच्या कडेला उरलेल्या राजेळीचे दोन घड उतरवले. जाऊबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "कशाला गो हा खटाटोप? बाजारात मिळत नाय काय?" पण दुसऱ्या दिवशी मांडवाला बांबू घेऊन त्याच आल्या. पहिला घड मळभाने बुरसला. दुसरा जमला. जाऊबाईंनी एक तोंडात टाकलं आणि लगेच दुसरं उचललं.

जावई सुट्टीवर आले होते, त्यांच्यासोबत मी पुडा पाठवला. केळीच्या सुक्या पानात बांधला होता, पण विमानतळावर पान चालायचं नाही म्हणून त्यांनी सगळं प्लास्टिकच्या पिशवीत भरलं. मला ते आवडलं नाही.

लेकीने काकीच्या दारातून व्हिडिओ कॉल लावला. काकीने सुकेळं आधी हुंगलं, मग डोळे मिटून सावकाश चावलं. नंतर पुष्कळ बोलली. लेक ऐकत राहिली.

"काय म्हणते?"

"म्हणते, तुझ्या गावचं ऊन चांगलं आहे." लेकीने फोन रिकाम्या वळचणीकडे वळवला. "या वर्षी तिने फळं टांगली नाहीत, आई. गुडघे दुखतात. विचारते, तू कधी येतेस?"

मी "येते, येते" म्हणत मान हलवत राहिले. ते तिला भाषांतराशिवाय कळलं.

त्यानंतर जावयांची नोकरी बदलली आणि मंडळी जपानातल्याच दूरच्या मोठ्या शहरात राहायला गेली. काकीकडे मोबाइल नाही. मला आता काकीच्या गावी जायचं निमित्तच उरलं नाही. नातीला बघायला जाईन, तेव्हा एक दिवस मला त्या गावी नेऊन आण, असं मी लेकीला सांगून ठेवलंय. ती म्हणते, "आई, गाडीने खूप लांब पडतं." मी म्हणते, "पडू दे."