गांजाला नुसतं झाड म्हणणाऱ्यांना

लातूरच्या स्टँडवर सकाळची पुण्याची बस लागली, तेव्हा अण्णा, म्हणजे आमचे वडील, आमच्या पिशव्या वर चढवून खाली उतरले. माझ्या धाकट्या भावाला तेवढं म्हणाले, "विलास, अक्काला सांभाळ. शहर हाय, पोरीची जात हाय." मी तेवीसची, तो वीसचा. मला चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडण्याच्या लाइनवर काम लागलं होतं, आणि पोरीला एकटं कसं पाठवायचं म्हणून आयटीआय झालेल्या भावाला सोबत धाडलं होतं. बस हलल्यावर तो ऐटीत म्हणाला, "आता मी म्हणेल तसं ऱ्हायचं." मी त्याच्या डोक्यात टपली मारली.

दिघीत पत्र्याची खोली घेतली. मी कंपनीच्या बसने चाकणला जायची, तो भोसरीत मशीनवर. पहिलं वर्ष चांगलं गेलं. गावाकडं फोन लावला की तो शिफ्ट, ओव्हरटाइम, रिजेक्शन असे शब्द मुद्दाम पेरायचा. आईला काही कळायचं नाही, पण पोरगं साहेबासारखं बोलतंय म्हणून ती शेजारणींना सांगायची.

पाळ्या बदलत गेल्या तशी त्याची झोप उडाली. कंपनीतल्या एकाने सांगितलं, "दोन झुरके मार राव, मस्त झोप लागते." हे मला नंतर समजलं. आधी सापडली ती पुडी, त्याच्या डब्याच्या पिशवीत. समोर धरली तर म्हणाला, "अक्का, गांजा हाय, दारू न्हाई. नुसतं झाड असतंय. आईला सांगू नको." मी सांगितलं नाही. ही चूक माझी. ती मी कुणावर ढकलत नाही.

आधी तो सुस्त झाला. मशीनवर मापं चुकू लागली. मग त्याने मोबाइलच्या कॅमेऱ्याला चिकटपट्टी लावली, खिडकीला वर्तमानपत्र. "सुपरवायझर आपलं बोलणं ऐकायलाय," असं कुजबुजायचा, मधेच एकटाच हसायचा. शेवटी माझ्या हातचा चहा बंद केला. मी त्यात काहीतरी कालवते म्हणे. शाळेत जाताना ज्याचं नाक मी माझ्या ओढणीने पुसायचे, तो माझ्याकडे वैरिणीसारखा बघत होता.

दवाखान्यात न्यायला पाहिजे हे कळत होतं. पण चाळीतले सगळे म्हणत, "गांजाचं प्रकरण हाय, पोलीस उचलून नेतील." मी घाबरले. आठ महिने घाबरून काढले. गावाकडं सांगत राहिले, त्याला कामाचा ताण आहे.

एका दुपारी तो स्टीलची कळशी उगारून माझ्यासमोर उभा राहिला. "तुला कुणी पाठवलं? बोल!" मी हात आडवा घातला आणि मनगटाचं हाड मोडलं. माझी किंकाळी ऐकून शेजारच्या कांबळेकाकू आल्या. दापोडीच्या कामगारवस्तीत वाढलेली बाई. ओरडली नाही, माणसं गोळा केली नाहीत. दारातूनच म्हणाली, "विलास बाळा, ठेव खाली. मी आलेय ना." त्याने ठेवली. रिक्षात मधे काकू, एका बाजूला तो, एका बाजूला मी.

दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "फक्त गांजानेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. काहींच्यात हा आजार आतच दबा धरून असतो. पण गांजाने तो उठतो, वाढतो. इतके महिने का थांबलात?" मी पोलिसांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, उपचाराला आलेल्या माणसासाठी आम्ही पोलीस कशाला बोलवू?" ते वाक्य माझ्या मोडक्या हातापेक्षा जास्त दुखलं.

हाड जुळलं, पण लाइनवरचा वेग गेला. आता मी त्याच कंपनीच्या स्टोअरमध्ये कॉम्प्युटरवर नोंदी करते. तिथल्या कॅन्टीनमध्ये मागच्या महिन्यात अद्वैत नावाचा इंजिनिअर, चांगल्या घरातला, सांगत होता, "परदेशात दुकानात मिळतं. दारू चालते, मग हे का नाही? झाडच तर आहे." तेच शब्द. माझा ताबा सुटला. ताट सरकवून मी सगळं बोलले, कळशीसकट. पोरगा वरमला, पण गप्प बसला नाही. "ताई, बंदी नसती तर तुम्ही पहिल्याच महिन्यात डॉक्टरकडे गेला असता."

खरंही असेल, माझे आठ महिने त्याच भीतीत गेले. आजारी पोराला तुरुंगात घालू नका, हे मीही म्हणेन. पण म्हणून भोसरीच्या नाक्यावर रंगीत पाट्या लावून ते विका? पाळीने झोप मोडलेल्या प्रत्येक पोराच्या वाटेत? नाही. हजार जणांना काही होत नसेलही. मला त्या हजारांचं कौतुक नाही. माझ्या घरात जो सापडला, त्याचं बोला. आणि गावाकडच्या माणसांनो, तुम्हीही 'पुण्याने पोरगं नासवलं' म्हणून हात झटकू नका. 'बाबा-बैराग्यांचं असतंय ते' म्हणत पारावर ओढणारे तुमच्यातच बसतात.

गावात विलासचं औषध मिळत नाही, असा डॉक्टर नाही. म्हणून अण्णा शेत बटईने देऊन आईला घेऊन इथे आले. त्याच पत्र्याच्या खोलीत आम्ही चौघं राहतो. परवा मावशीचा फोन आला, घरी कधी येताय म्हणून. आई म्हणाली, "घरीच हाव की." मला ते ऐकवलं नाही. मी भांडी घासायला उठले.

विलास आता बरा आहे. सावकाश बोलतो, अर्धा दिवस पॅकिंगला जातो. काल टीव्ही बघता बघता तो एकदम हसला. आईचा हात पिठात थांबला. अण्णांनी मान वर केली. मी नळ बंद केला. तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो. त्याने एकेकाचं तोंड पाहिलं आणि बारीक आवाजात म्हणाला, "अक्का, टीव्हीतला माणूस पडला, म्हणून हसलो."