वाढत्या अंगाचा कूलर

मी घरात एकटी राहते आणि दिवसभर लोकांच्या घरांत माणसं भरते. काम असं आहे की धायरीतले दोन-तीन इंटिरियरवाले मला फ्लॅटचे नकाशे पाठवतात आणि मी कॉम्प्युटरवर त्या फ्लॅटची चित्रं करून देते. भिंतींचा रंग, सोफा, खिडकीतून पडणारं ऊन, सगळं खऱ्यासारखं. शेवटी ते म्हणतात, "मॅडम, माणसं टाका. घर भरलेलं दिसलं की गिऱ्हाईक सही करतं." मग मी तयार माणसांच्या यादीतून पेपर वाचणारे एक आजोबा उचलते, ओट्याशी एक आई उभी करते आणि जमिनीवर पालथी पडून चित्र काढणारी एक मुलगी ठेवते. मुलगी मी नेहमी तीच घेते. इंटिरियरवाल्यांच्या हे अजून लक्षात आलेलं नाही.

यंदा एप्रिलमध्ये नेमकी माणसं टाकली की कॉम्प्युटर बंद पडायला लागला. चित्र पक्कं करायला लावलं की प्रोसेसर तापायचा, आतला पंखा कावल्यासारखा ओरडायचा आणि स्क्रीन काळी व्हायची. मी धूळ काढली, प्रोसेसरवरची उष्णता ओढणारी पेस्ट बदलली, कॅबिनेटची एक बाजू उघडी टाकून टेबलफॅन तिच्या तोंडाशी लावला. पण ताकावर दुधाची तहान किती दिवस भागवणार? पाण्यावर चालणारा कूलर बसवायचा, असं मी ठरवलं.

नागपूरला माझी मोठी बहीण असते. तिला फोनवर सांगितलं तर ती आधी हसली. आमच्या नागपूरकडे कूलर म्हणजे खिडकीत बसवायचा पत्र्याचा मोठा डबा, त्यात वाळ्याचा पडदा आणि संध्याकाळी पाण्याची बादली. "पुण्यात कायले पायजे कूलर? अन् खिडकीत मावल का?" म्हणाली. मी म्हटलं, तळहाताएवढा आहे, कॉम्प्युटरच्या आत बसतो. "मंग तुले काय हवा लागंल त्याची?" हा प्रश्न काही चुकीचा नव्हता.

हा कॉम्प्युटर खरं तर माझ्या मुलीचा. ती ॲनिमेशन करायची. पाच वर्षांपूर्वी तिने शनिवार पेठेतल्या एका दुकानातून एकेक भाग आणून तो जेवणाच्या टेबलावर जोडला. कॅबिनेट निवडायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, मोठंच घे, पुढे लागेल. ती म्हणाली, "आई, तू कॅबिनेटसुद्धा वाढत्या अंगाचं घेतेस."

ते खरंच होतं. तिच्या शाळेचा गणवेश मी दोन मापं मोठा शिवून घ्यायची. शिंप्याला बजावायची की शिवणीत कापड सोड, उंचीला दोन टक घाल, दर जूनमध्ये एक उसवू. चपलांच्या पुढे कापूस असायचा. एका माणसाच्या पगारात... खरं तर पगार दोन होते, माझा आणि नवऱ्याचा. पैशांचा प्रश्न नव्हता, स्वभावाचा होता. खडकीला कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी ट्रेसर होते, नंतर ड्राफ्ट्समन झाले. तिथे पहिल्याच वर्षी साहेबांनी शिकवलं होतं की पुढची सोय न ठेवता काढलेलं ड्रॉइंग म्हणजे अर्धं ड्रॉइंग. क्वार्टर सोडून धायरीत फ्लॅट घेतला तोही तीन खोल्यांचा घेतला. नवरा म्हणायचा, अगं अंथरूण पाहून पाय पसर. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगी तीन वर्षांपूर्वी जर्मनीला शिकायला गेली, दोन वर्षांसाठी.

जाताना तिने कॉम्प्युटर माझ्या हवाली केला. म्हणाली, "तू वापर. मी परत आले की यात मोठं ग्राफिक्स कार्ड टाकू, तेही थंड ठेवायला पाण्यावर घेऊ." शिक्षण संपून तिला तिथेच नोकरी लागली आणि दोन वर्षांची तीन झाली. परत कधी येणार, हे मी तिला एकदाही विचारलेलं नाही.

याला कारण आहे. आमच्या घरात देव नाहीत. त्यांच्या जागी एक नियम आहे की शिकायला निघालेल्या माणसाला दारात अडवायचं नाही. वडिलांनी तो पाळला आणि मला पुण्याला पाठवलं. आईने पाठवलं, पण पाळला नाही. खडकीच्या क्वार्टरमध्ये शेजाऱ्यांच्या फोनवर तिचा आवाज यायचा, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "कधी येतं वं पोरी?" मी म्हणायची, बघू. पुढे तो प्रश्न येणार म्हणून मी फोन घ्यायला सावकाश जायला लागले. आई वारल्यावर मी स्वतःशी ठरवलं की माझ्या लेकराला असं खुंटीला बांधायचं नाही. दर रविवारी आम्ही बोलतो. जेवलीस का, थंडी किती आहे, पोळ्या करतेस की पाव खातेस, एवढंच मी विचारते. या गोष्टीचा मला अभिमान होता. खोटं कशाला बोलू, थोडा जास्तच होता.

असो. कूलरचं मी माझ्या पद्धतीने हाती घेतलं, म्हणजे आधी ड्रॉइंग केलं. कॅबिनेट स्टीलच्या पट्टीने मोजलं आणि त्याची तिन्ही बाजूंनी दृश्यं कागदावर उतरवली. मग रेडिएटर, म्हणजे कूलरमधलं पाणी निववणाऱ्या जाळ्या, पुठ्ठ्याचे कापले, एक दोन पंख्यांचा आणि एक तीन पंख्यांचा, आणि आत ठेवून पाहिले. आठवडाभर व्हिडिओ बघितले. ते बघताना घरात कोणाचा तरी आवाज असायचा, म्हणून काही दोनदा बघितले, हेही सांगून टाकते.

तर असे कूलर दोन जातींचे असतात. एक बंद जातीचा. त्यात कारखान्यातूनच पाणी भरून येतं, नळ्या कायमच्या जोडलेल्या असतात, बसवला की विसरायचं आणि पाच-सहा वर्षांनी दमला की टाकून द्यायचं. दुसराही पाणी भरूनच येतो, दिसतोही तसाच, पण त्याच्या नळ्या सोडवता येतात. उद्या त्याच पाण्याच्या फेऱ्यात ग्राफिक्स कार्ड घेता येतं, आणखी एक रेडिएटर जोडता येतो, कमी झालेलं पाणी भरता येतं. तो माझ्यासाठीच केलेला होता. तीन पंख्यांचा, वाढवता येणारा, असं मी ड्रॉइंगवर खाली लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

शनिवार पेठेतलं ते दुकान जिन्याखालच्या जागेत आहे. मालक पन्नाशीचे, बोलणं मोजून मापून. पण मला त्यांनी पहिल्या दिवसापासून कधी 'आजी' म्हटलेलं नाही, म्हणून मी तिथेच जाते. दुपारचे साडेबारा झाले होते. एक मुलगा कीबोर्ड बघत उभा होता. मी कागद पुढे केला.

मालकांनी तो नीट वाचला. "हे आपण काढलंत?"

"हो."

"कॅबिनेटपेक्षा बरं झालंय." मग त्यांनी वाढवता येणाऱ्या कूलरचा खोका काढून काउंटरवर ठेवला, पण हात त्यावरच ठेवला. "हा कशाला हवाय? कार्डही पाण्यावर घेणार आहात?"

"पुढे घेणार आहोत. मुलगी जर्मनीहून आली की."

"कधी येणार?"

तीन वर्षांत हे इतकं सरळ कोणी विचारलं नव्हतं. शेजारणींनी आडून विचारलं तर मी विषय बदलते. "ठरलेलं नाही," मी म्हटलं.

"मग हा मी देत नाही," ते म्हणाले. "अहो, वाढवायचंच नसेल तर वाढवता येणारा घेऊ नये. जितके जोड जास्त, तितक्या गळायच्या जागा जास्त. तुम्ही ड्रॉइंग काढता, तुम्हाला मी काय सांगायचं? आधी मुलीला विचारा."

"रविवारी विचारते."

"आज मंगळवार आहे. पुन्हा धायरीहून बसने येणार? तिकडे आत्ता सकाळ असेल. लावा फोन."

दुसऱ्या कुठल्या गावात दुकानदाराने महागाची वस्तू मुकाट्याने बांधून दिली असती. इथे गिऱ्हाईक चुकतंय असं दिसलं की दुकानदाराला माल खपण्यापेक्षा ते सांगण्यात जास्त गोडी. मला राग आला होता. पण प्रश्न कूलरचा आहे, तिच्या येण्याचा नाही, अशी मी मनाची समजूत घातली. यात न विचारण्याचा माझा नियम मोडत नव्हता. मी फोन लावला.

"आई? काय झालं? बरी आहेस ना?" आमचा वार रविवार ठरलेला असल्यामुळे ती घाबरली होती.

"बरी आहे. दुकानात आलेय, कूलर घ्यायला. एक टेक्निकल प्रश्न आहे. ते मोठं कार्ड तू यातच टाकणार आहेस ना? म्हणजे त्या हिशेबाने वाढवता येणारा घेते."

तिकडे कुठेतरी ट्राम थांबल्याचा आवाज आला, दारं उघडली, मिटली.

"साधा घे, आई."

"अगं, पण थोडाच फरक आहे. पुढे तुला लागला तर..."

"नाही लागणार. कार्ड मी घेतलं. इथल्या मशीनमध्ये टाकलंय." मग ती एका दमात म्हणाली, "मी इथे कायम राहायचा अर्ज केलाय. चार महिने झाले."

कीबोर्डवाला मुलगा कळा दाबून पाहत होता. मालकांनी त्याला सांगितलं, "तुम्ही जरा वेळाने या." त्याने कीबोर्ड खाली ठेवला आणि गेला. मग मालक स्टूल माझ्याकडे सरकवून मागच्या फळ्यांकडे वळले आणि खोके लावत बसले. ते खोके आधीच नीट लावलेले होते.

"चार महिने," मी म्हटलं. "बोलली नाहीस."

"तू विचारलंच नाहीस." तिचा आवाज चढला. "तीन वर्षांत एकदा तरी विचारलंस, कधी येतेस म्हणून? इथे सगळ्यांच्या आया विचारतात. माझ्या रूममेटची आई रडते. तू विचारतेस पोळ्या करतेस का. मला वाटायला लागलं की तुझी घडी बसलीये. मी असले काय, नसले काय, तुला चालतं."

तिला मोकळं ठेवायचं म्हणून मी जे इतक्या कष्टाने गिळत आले होते, ते तिच्यापर्यंत नुसतं थंडपण म्हणून पोचलं होतं. माझ्या आईने विचारून मला लांब केलं होतं आणि मी न विचारून हिला. नियम, अभिमान, सगळं पोकळ वाटलं. स्टुलावर बसले आणि परक्या माणसाच्या दुकानात, मागे वळून न बघता, बोलले.

"नाही चालत," मी म्हटलं. "मला इथे फार एकटं वाटतं. रोज वाटतं. सकाळी सगळ्यात जास्त."

ती म्हणाली, "मलाही, आई."

"मग ये ना परत."

"तरी मला इथेच राहायचंय."

तिच्या आवाजात ताठा नव्हता. कितीतरी दिवस मनात ठरलेली गोष्ट माणूस सांगतो, तसं ती सांगत होती. मला भांडता आलं असतं. जीभ वळवळली, आईचंच वाक्य ओठांपर्यंत आलं. पण ती लेक माझी होती आणि दार तिने केव्हाच ओलांडलं होतं.

"राहा," मी म्हटलं. "पण यापुढे मी विचारणार. दर रविवारी विचारणार. त्रास झाला तरी ऐकून घ्यायचं."

"विचार," ती म्हणाली, आणि नाक ओढलं. तिचं ऑफिस आलं होतं. फोन ठेवला.

मालक लगेच वळले नाहीत. मी घसा खाकरला तेव्हा वळले. "काय ठरलं?"

"बंद जातीचा द्या. दोन पंख्यांचा."

"पुरेल," ते म्हणाले. काउंटरवरचा मोठा खोका त्यांनी उचलून वरच्या फळीवर ठेवला आणि लहान काढला. माझ्या ड्रॉइंगवर पट्टी लावून माप पुन्हा ताडून पाहिलं. बसवायला माणूस पाठवू का, असंही विचारलं. नको म्हटलं, तेवढं मला येतं.

मग ते बिलाला बसले. स्क्रीनकडे बघत म्हणाले, "जुनी बिलं मुलीच्या नावावर दिसताहेत. वॉरंटीही त्याच नावावर करू?"

"नाही. ती इथे नसते. माझं नाव लिहा."

त्यांनी नाव लिहिलं, फोन नंबर लिहिला. "आणखी एक नंबर लागतो. आपला लागला नाही तर घरातल्या दुसऱ्या कोणाचा."

मी थोडा विचार करून पाहिला. "माझाच परत लिहा," मी म्हटलं. "तो लागतो. मी घरीच असते."